दिवाळीच्या सुट्टीतला कोळी

"वैजू, पाय आठ ना गं? का दहा?"

विमलकाकू व्हरांड्याच्या फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर खडूनं काढलेलं ताटाएवढं वर्तुळ, हातात रांगोळीची चिमूट आणि कपाळावर घाम.

"आठ, काकू. दहा खेकड्याला."

"बघ! ह्यांना सकाळी विचारलं तर म्हणाले, तू काढ तर आधी, मग बघू. तीस वर्षं कोळ्यांचे पाय मोजतायत, पण घरच्या माणसानं विचारलं की पेपरात तोंड."

'हे' म्हणजे आमचे पाटगावकर सर. आजऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख, आणि माझे पीएचडीचे गाईड. रविवारी त्यांचा निवृत्तीचा समारंभ होता. हॉलच्या दारात काकू स्वतः रांगोळी काढणार होत्या, आणि ती मोराची नाही, कमळाची नाही, चक्क कोळ्याची. ह्या सगळ्याला कारण मी होते.

आंबोलीच्या रानात मला कोळ्याची एक नवी प्रजाती सापडली होती. तिला सरांचं नाव द्यायचं ठरलं होतं. शास्त्रीय नावाच्या थाटात 'पाटगावकरी'. शोधनिबंध टाइप होऊन तयार होता. समारंभात संस्थेचे अध्यक्ष नाव जाहीर करणार आणि सोमवारी मी निबंध पोस्टात टाकणार, असा बेत होता.

बाहेरच्या माणसाला ह्यात एवढं काय, असं वाटेल. पण आमच्या शास्त्रात एक रीत आहे. आपण शोधलेल्या जिवाला आपलं नाव द्यायचं नाही. तसा कायदा नाही, पण दिलं तर जगभरचे लोक हसतात. नाव दुसऱ्याचं द्यायचं आणि आपलं कुणीतरी देईल म्हणून वाट बघायची. सरांनी आपल्या गुरुजींचं दिलं, आईचं दिलं, एका फॉरेस्ट गार्डचं दिलं, इतकंच काय, रानात जीप अडकली तेव्हा ढकलायला आलेल्या ड्रायव्हरचंही दिलं. सरांचं मात्र कुणालाच सुचलं नाही. परदेशी नियतकालिक आलं की सर आधी नव्या नावांचं पान उघडायचे आणि मग उगीचच चष्मा पुसायचे. मी तिथंच समोर बसून ते बघितलेलं होतं.

म्हणून मी नाव सांगितलं त्या दिवशी ते दोनदा खुर्चीतून उठले आणि दोनदा बसले. "पाटगावकरी," म्हणाले. "शेतकरी, कष्टकरी, पाटगावकरी. बरं वाटतं का गं ऐकायला?" आणि संध्याकाळी घरी जाऊन काकूंना सांगून टाकलं. तेव्हापासून व्हरांड्यात केरसुणीला बंदी होती. जन्मभर जाळी झाडणाऱ्या काकू मोलकरणीला दटावायच्या, "वरती हात लावशील तर बघ, ह्यांच्या जातभाईंची घरं आहेत ती!"

तर श्रावणातल्या त्या गुरुवारी काकूंनी मला बोलावलं होतं ते नमुना दाखवायला. खरा कोळी डोळ्यासमोर असला की रांगोळी बरी जमेल म्हणून. जास्वंदीच्या फांदीपासून व्हरांड्याच्या खांबापर्यंत दोन गोल जाळी होती. आम्ही त्या कोळ्याला केरकोळी म्हणायचो. तो जाळ्याच्या मधोमध केराची उभी रेघ लावतो, खाल्लेल्या माश्यांची टरफलं, वाळकी पानं, काय मिळेल ते, आणि त्या केरातच केर होऊन बसतो. कॉलेजच्या आवारात ढिगानं सापडतात. इथल्या एकीनं केरात काकूंच्या शिवणकामातला हिरवा दोरा ओढून घेतला होता.

"ही तुझीच का गं?"

"नाही हो, ही साधी. माझीही दिसायला अशीच, पण हिला खाली जीभ असते, माझीला नसते."

"जीभ? खाली?"

आता हे काकूंना कसं सांगायचं! पण सांगितलं. कोळ्यांची जात रंगावरून ठरत नाही. मादीच्या पोटाखाली, जिथं नराशी संबंध येतो तिथं, एक बारीक कडक पट्टी असते, जिभेसारखी. ती कशी आहे, किती लांब, वाकडी की सरळ, ह्यावरून आम्ही जात ठरवतो. मी खिशातलं भिंग काढून हिरव्या दोऱ्यावालीच्या पोटाखाली धरलं. जीभ होती, टोकाला वाकलेली, अगदी पुस्तकात काढलेली असते तशी. काकूंनीही भिंगातून बघितलं आणि "अगं बाई!" म्हणून पदर तोंडाला लावला.

जाळ्याच्या कडेला तेव्हाच एक नर आलेला मला दिसला. मादीच्या मानानं एवढासा, किडमिडा. आपला स्वतःचा एक धागा जाळ्याला जोडून तो छेडत बसला होता. मी म्हटलं, "काकू, पाहुणे आलेत बघायला." काकू हसल्या, चहा टाकला, आणि मी चहा पिऊन घरी गेले.

शुक्रवारी कॉलेजला जाताना सहज डोकावले. रांगोळीचं काम बरंच पुढं गेलं होतं. मी सहजच भिंग काढलं, हिरव्या दोऱ्याशी धरलं.

जीभ नव्हती.

मला वाटलं दुसरी मादी असेल. पण दोरा तोच, जाळं तेच, मागच्या पायाचं टोक कालही तुटकं होतं ते आजही तुटकंच. पोटाखाली जीभ होती तिथं फक्त एक गोल खुंट उरला होता. आणि तो खुंट मला तोंडपाठ होता. गेलं वर्षभर मी तोच सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याची चित्रं काढत होते, त्याच्या गोलाईवर दीड पान लिहिलं होतं. माझी 'पाटगावकरी' काकूंच्या जास्वंदीवर बसली होती आणि काल दुपारपर्यंत ती साधी केरकोळी होती.

मी खांबाला धरून उभी राहिले. नर गायब होता. म्हणजे त्यानंच तोडली. काम झालं की जीभ मोडून टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्या दुसऱ्या नराला तिथं धरायलाच काही राहत नाही. काय हरामखोर प्राणी! आणि मी बसले होते नवी प्रजाती म्हणून नाचत.

"काय झालं गं? चक्कर आली का? सकाळी खाल्लंस का काही?"

"नाही काकू. उशीर होतोय."

कॉलेजात माझं कशात लक्ष लागेना. तासाला बेडूक शिकवता शिकवता मी मध्येच थांबले आणि पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बोलावं तर कसं? चांदीचं ताट आलं होतं, त्यावर कोळी कोरलेला. कोल्हापुरातून सरांचे मेहुणे येणार होते. न बोलावं तर निबंध छापून येईल आणि पाच-सहा वर्षांनी कुठलातरी परदेशी पोऱ्या दोन ओळींत लिहून टाकेल की पाटगावकरी म्हणजे जीभ तुटलेला साधा कोळी. मग सरांचं नाव निघालं की लोक हसतील. जन्मभर ज्यानं रीत पाळली त्याचं हसं, आणि तेही माझ्या हातानं. मधल्या सुट्टीत मी तीन वेळा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. चौथ्यांदा त्यांनीच हाक मारली.

"केसरकर, काय येरझाऱ्या घालतेस? आत ये."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सर ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

"तुला काय म्हणायचंय? वर्षभर मी तुझ्या चित्रांवर सह्या केल्या, त्या काय डोळे मिटून?"

"तसं नाही सर, पण..."

"रानातल्या सगळ्या माद्यांना नाही ना जीभ? एकीला तरी होती?"

"एकीलाही नाही."

"आणि इथल्या आवारातल्या सगळ्यांना आहे. मग? सगळ्यांच्या सगळ्या तुटल्या? झाडून सगळ्यांच्या?" त्यांचा आवाज चढला. "सरळ सांग की. नाव द्यायचं जिवावर आलंय. कुणी काही बोललं का तुला? स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं का, म्हाताऱ्याची खुशामत करतेस म्हणून?"

"सर!"

"मी मागितलं नव्हतं, केसरकर. तू होऊन आलीस."

मला रडू आलं आणि रागही आला. रागच जास्त. मी म्हणाले, "मागितलं नव्हतं, खरंय. म्हणूनच द्यायचं होतं. खोट्या कोळ्याला द्यायचं नाही म्हणून सांगायला आले. तुमच्या व्हरांड्यात दुसरी मादी आहे, तिची जीभ शाबूत आहे. चला आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

ते आले. छत्री आपटत, माझ्या चार पावलं पुढं. काकूंनी दारातून बघितलं आणि काहीतरी बिनसलंय हे ओळखून आत निघून गेल्या. सरांनी खांबाजवळच्या मादीचं पोट भिंगानं स्वतः तपासलं. जीभ होती. कुंपणावर एक नर मिळाला, तो मी काडीवर घेऊन जाळ्याच्या कडेला सोडला. आणि आम्ही दोघं स्टुलांवर बसून राहिलो. पाऊस येऊन गेला, पुन्हा ऊन पडलं. नर दोन पावलं पुढं जायचा आणि मादी हलली की धागा धरून खाली उडी मारायचा. सर पाय हलवत होते, मी नखं खात होते. काकूंनी पोहे आणून ठेवले, ते तसेच गार झाले.

शेवटी जमलं त्यांचं. क्षणभराचं काम. पुन्हा एकदा झटापट झाली आणि नर असा सुटला की बघायची सोय नाही. सर उठले, त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ ते वाकून राहिले. मला वाटलं आता ओरडतील.

"दिवाळी," ते म्हणाले.

"काय सर?"

"रानातले नमुने तू कधी आणलेस?"

"दिवाळीच्या सुट्टीत. दरवर्षीप्रमाणे."

"आणि आवारातले?"

"ते पोरं आणतात की प्रॅक्टिकलला. श्रावणात..."

एवढं साधं! श्रावणात माद्या कुमारी असतात. दिवाळीपर्यंत सगळ्यांची लग्नं उरकलेली असतात. रानात जायला आम्हा मास्तर लोकांना सवड कधी, तर दिवाळीत, पाऊस थांबला, कॉलेज बंद झालं, की जीप काढायची. आमच्या सुट्टीनं एका जातीच्या दोन जाती केल्या होत्या. मला सुटल्यासारखं झालं, निदान सरांना पटलं तरी. पण सरांचा चेहरा बघितला आणि माझ्या ध्यानात आलं की ते माझ्या कोळ्याचा विचारच करत नव्हते. आम्ही दरवर्षी दिवाळीत जायचो, आणि सर तर गेली तीस वर्षं दिवाळीतच जात होते.

"उद्या सकाळी लॅब उघड," ते म्हणाले.

शनिवारी मी गेले तेव्हा सर आधीच काचेच्या कपाटासमोर उभे होते. वरच्या फळीवर त्यांनी शोधलेल्या प्रजातींच्या बाटल्या, आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेलं एक चित्र. तो कोळी त्यांना पाटगावच्या घरी, आईच्या गोठ्यात सापडला होता. आईच्या हयातीतली शेवटची दिवाळी. नाव आईचं, तानूबाईंचं. त्या माउलीला अक्षर येत नव्हतं. छापलेलं नाव तिला दाखवायचं राहून गेलं, हे सर दरवर्षी नव्या पोरांना सांगायचे आणि सांगताना दरवर्षी खिडकीबाहेर बघायचे.

त्यांनी ती बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

"तू बघ. माझे डोळे माझ्या बाजूनं बोलतील."

मी मादी बशीत घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आधी फोकस जुळेना. मग दिसलं. गोल खुंट, आणि एका बाजूला खडबडीत कड. मोडलेली. मी मान वर केली नाही.

"सांग."

"सर, कदाचित मुळातच..."

"केसरकर. सांग."

"तुटलेली आहे, सर."

त्यांनी मादी परत बाटलीत सोडली. बाटलीचं बूच घट्ट लावलं, फळीवर होती तिथं ठेवली, आणि भिंतीवरचं चित्र सरळ होतं तरी सरळ केलं. मग म्हणाले, "हिच्याशी जुळणारी जीभवाली कुठली, ते मला माहीत आहे. गोऱ्या साहेबानं शंभर वर्षांपूर्वी नाव दिलंय तिला." आणि रुमाल शोधायला लागले. मी बाहेर लॅबच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, कारण त्यांना रडताना बघणं मला जमणार नव्हतं.

रविवारी हॉलच्या दारात काकूंची रांगोळी. आठ पाय, ठसठशीत, केराच्या रेघेसकट. लोक वळसा घालून आत येत होते. मी सकाळीच अध्यक्षांना गाठणार होते, पण सरांनी मला अडवलं. "माझं मी बघतो," म्हणाले. अध्यक्षांनी ताट दिलं, शाल दिली, आणि घोषणा केली, "पाटगावकर सर आता अमर झाले!" टाळ्यांचा कडकडाट. सर माइकसमोर आले.

"एक दुरुस्ती," ते म्हणाले. "हा कोळी नवा नाही. तो तुमच्या-आमच्या अंगणातलाच निघाला. माझ्या विद्यार्थिनीनं चूक वेळेत धरली, म्हणून तिचं कौतुक करा. आणि मी नाव दिलेल्या कोळ्यांपैकी एक काल बाद झाला. आणखी किती होतील माहीत नाही. उद्यापासून मला रजेचा अर्ज द्यावा लागणार नाही, तेव्हा पावसाळ्यात रानात जाईन म्हणतो. ताट मात्र ठेवून घेतो, तुमच्या काकू देणार नाहीत."

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली. मग मागून कुणीतरी पोरगं टाळ्या वाजवायला लागलं आणि मग सगळेच. अध्यक्ष हसावं की रुसावं ह्या पेचात खुर्चीत चुळबुळत बसले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तर सर आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले. काकू ताट पुसत होत्या.

"वैजू, काय झालं ते नीट सांग. हे तर घुम्यासारखे बसलेत. सासूबाईंचा कोळी बाद म्हणजे काय?"

"त्यांच्या कोळ्याची जीभ तुटलेली निघाली, काकू. म्हणून ती वेगळी वाटली होती."

काकूंनी ताट खाली ठेवलं. "जीभ नसलेला कोळी, आणि सासूबाईंच्या नावाचा? तेव्हाच मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं की काहीतरी चुकतंय."

सर दचकून उठले. मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा खाली पडला. काकूही हसल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "मग आता त्यांचं नाव पुसणार?"

"पुसत नाहीत," सर म्हणाले. "यादीत राहतं. साहेबाच्या नावाखाली, बारीक अक्षरात. आधी हेही नाव होतं म्हणून."

"हं. म्हणजे आमच्यासारखंच. माझंही नाव लग्नात बदललं तुम्ही. आधीचं कुठं असेल, खालीच कुठंतरी." आणि त्या चहा टाकायला उठल्या.

सर त्या गेल्या तिकडं बघत राहिले. तीस-पस्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

त्यानंतर सर खरंच पावसात रानात जायला लागले. गुडघ्यापर्यंत बूट, अंगावर प्लास्टिकची खोळ, काकूंची शिव्यांची लाखोली, आणि सोबत मी. त्यांचे आणखी दोन कोळी बाद झाले, ते त्यांनी स्वतः छापून कळवले. बाकीचे टिकले. आणि बऱ्याच वर्षांनी, मी नोकरीत कायम झाले होते, सरांचे केस पांढरेशुभ्र झाले होते, तेव्हा एका श्रावणात आंबोलीच्या रानात आम्हाला एक खरी नवी प्रजाती सापडली. नर सापडले, माद्या सापडल्या, जीभवाल्या आणि जीभ मोडलेल्या दोन्ही. कुठंही शंका नाही.

मी ओलीचिंब त्यांच्या व्हरांड्यात उभी राहिले. "सर, आता पाटगावकरी!"

"निबंधावर लेखक कोण?"

"तुम्ही आणि मी. अर्धं काम तुमचं आहे."

"मग रीत काय म्हणते?"

माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. "तुमचं नाव लेखकांतून काढूया की! एवढ्याशानं काय होतं? सर, आयुष्यभर वाट बघितलीत तुम्ही."

सर बूट काढत होते. एक निघाला, दुसरा निघेना. "नावासाठी बाजूला बसावं लागतं, केसरकर," ते म्हणाले. "मला बसवत नाही." मग आत बघून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? इकडं ये."

काकू टॉवेल घेऊन आल्या.

"तुझं माहेरचं नाव काय गं?"

"आता हे काय मध्येच? तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"हिला सांग."

"चंपा," काकू म्हणाल्या, आणि टॉवेल माझ्या हातात द्यायचा विसरून तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांना सांगितलं काय ठरतंय ते. त्या आधी हसल्या, मग "तुमचं आपलं काहीतरीच" म्हणाल्या, मग टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालायला लागल्या. घडी घालता घालता माझ्याकडं वळल्या.

"वैजू, हे तरी पुन्हा कुणाच्या नावाखाली जायचं नाही ना गं?"

मी उत्तर द्यायच्या आत सर दुसरा बूट ओढत म्हणाले, "नाही जायचं. दिवाळीत नाही धरला हा."